बांधावरचा खजिना

माझा स्वभाव संशयी आहे असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे. साताऱ्याच्या कोर्टात मी कारकून आहे. दिवसभर माझ्या टेबलासमोरून भाऊ भावाविरुद्ध जातो, चुलता पुतण्याविरुद्ध जातो, आणि जाताना दोघंही मला हसून नमस्कार करतात. अशा जागी नोकरीची वर्षं काढल्यावर दूधवाल्याने हटकून चौकशी केली तरी मला वाटतं, ह्याचं काहीतरी काम असणार. आमचे हे कोरेगावचे, स्वभावाने भोळे. भाजीवाला सांगेल तो भाव त्यांना खरा वाटतो. संसारात एकाने तरी संशय धरावा लागतो, ते खातं माझ्याकडे आलं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. फौजेतून सुभेदार होऊन ते परतले त्याला बराच काळ लोटला. कुंडलपासून जवळच आमचं गाव. रानात ऊस नाहीतर सोयाबीन, आणि घरटी एक तरी माणूस फौजेत. आई गेल्यापासून दादा तिथे एकटेच राहतात. मी म्हणायची साताऱ्याला चला, ते म्हणायचे "बघू." फौजी माणसाचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे आईने मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. पीकपाणी झालं, पोरांची चौकशी झाली, आणि मग सहज विचारावं तसं ते म्हणाले, "तुझी आई पोचली का गं तिकडं? सकाळच्या यष्टीनं गेलीया."

आईला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. मी नुसतं "दादा" म्हटलं. मग ते म्हणाले, "झोपंत हुतो गं जरा," आणि फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक वाक्यावर माझा कान राहू लागला. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणाले की मी धसकायची, तेच दोनदा घातलं नसेल ना. वार विचारला तरी धसकायची. शेवटी एकदा मी स्पष्टच म्हणाले, "दादा, एकटं राहणं आता पुरे. तुमचं विसरणं वाढलंय."

दादा चिडले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. म्हणाले, "डोकं ठिकाणावर हाय का न्हाई, येवढंच बघायचंय न्हवं? मग दिवाळीला पोरांस्नी घिऊन ये. खजिना शोधायचा खेळ लावतो. जुन्या लढायांवरनं खुणा, नकाशा, होकायंत्र, सगळं. मी पुरलेली पेटी मी सांगितल्या जागी निघाली न्हाई, तर बिस्तरा बांधून तुझ्यासंगं सातारा. निघाली तर ह्यो विषय परत काढायचा न्हाई."

मी म्हटलं, ठरलं.

ठरलं खरं, पण माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एकाएकी खेळ कुठून सुचतो? कोणी शिकवलं? दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी न कळवता गावी गेले. घरात पाऊल टाकते तर दादांनी घाईघाईने काहीतरी कॉटखाली सरकवलं. पत्र्याची काळी पेटी होती, पलटणीतली, वर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर.

"काय आहे त्यात?"

"काय न्हाई."

"मग लपवता कशाला?"

"खजिना कुणी दावून पुरतं व्हय?"

उत्तर बरोबर होतं. तेही मला खटकलं. दुपारी ते रानात गेले, मागोमाग मीही गेले. सोयाबीन निघून रान नांगरून पडलं होतं. त्या मोकळ्या रानात दादा होकायंत्र डोळ्याला लावून उभे होते. मग दोरी ताणायचे, खुंटी ठोकायचे, पुन्हा उपटायचे. माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. प्लॉट पाडणारा एखादा दलाल म्हाताऱ्याच्या मागे लागला असेल. अशी सही करून बसलेली म्हातारी माणसं मी कोर्टात रोज बघते. नाहीतर कोणी गुप्तधनवाला बुवा भेटला असेल. दादा देवभोळे नाहीत, पण एकटा माणूस कुणाच्या नादी लागेल याचा नेम नाही. संध्याकाळी त्यांचा सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशात लिंबू-बिब्बा सापडतो का तेही मी बघितलं. सुतळीचा गुंडा निघाला आणि अडकित्ता.

त्या दुपारी रानात दादांवर नजर ठेवून असलेली मी एकटी नव्हते. बांधापलीकडे उसाच्या कडेला चुलते उभे होते. हे दादांचे चुलतभाऊ, दादांपेक्षा धाकटे, जन्मभर गावातच राहून शेती केलेले. हातात विळा होता, गवत कापायचं निमित्त होतं, पण विळा काही हलत नव्हता.

आमच्या आणि त्यांच्या घरात बोलणं नाही. दादा फौजेत असताना चुलत्यांनी बांध कोरला, असं दादांचं म्हणणं. दर सुट्टीला यावं तर बांध थोडा आमच्याकडे सरकलेला, आणि बांधाच्या टोकाचा हद्दीचा दगडही त्याच्याबरोबर चाललेला. "देशाची हद्द राखून आलो, घरची तेवढी राखता आली न्हाई," असं ते चारचौघांत म्हणायचे. चुलते म्हणायचे, पावसानं माती वाहिली त्याला मी काय करू. दगडही पावसाने वाहिला का, असं दादा विचारायचे, पण सरकारी मोजणी आणायला त्यांना वेळ नव्हता. तेव्हापासून लग्नाची पत्रिकासुद्धा तिसऱ्याच्या हाती जाते. पोरं मात्र एकमेकांकडे जातात, खातात, झोपतात. पोरांना कोण अडवणार?

मी चुलत्यांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोघांनाही एकमेकांचा संशय आला असावा.

दिवाळीला महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही गावी पोचलो. पाडव्याला सकाळी दादांनी अंगणात पोरांना ओळीत उभं केलं. माझी दोन, गल्लीतली चारपाच आणि चुलत्यांच्या दोन नाती. दादांनी टोपी घातली होती, दाढी तुळतुळीत होती. "लडाई ताकदीवर न्हाई चालत," ते म्हणाले, "खबरीवर चालती. खबर नीट ऐका, मग पळा." आणि पहिली चिठ्ठी वाचली. "गावातली माणसं बोटीत बसून परक्या मुलखात लढायला गेली. जी आली न्हाईत, त्यास्नी रोज सकाळी पोरांची प्रार्थना ऐकू येती."

मग चुलत्यांची मोठी नात ओरडली, "शाळा!" पहिल्या महायुद्धाला गावातून किती गेले आणि त्यातले किती परत आले नाहीत, एवढंच कोरलेला दगड शाळेच्या भिंतीत आहे. नावं नाहीत. मी त्या शाळेत शिकले, रोज त्या दगडाला दप्तर टेकवून खेळले, पण कधी वाचला नव्हता. दगडाखालच्या खोबणीत दुसरी चिठ्ठी निघाली.

तिच्यात लिहिलं होतं, "लाकडाच्या तोफा उभ्या करून शत्रूला फसवायची जुनी रीत हाय. आपल्या रानात असला बिनपगारी शिपाई कोण?" हे माझ्या धाकट्याने ओळखलं आणि सगळी टोळी बुजगावण्याकडे धावली. बुजगावण्याच्या खिशात तिसरी चिठ्ठी. बेचाळीसला भूमिगत झालेल्यांना बायका उसात भाकरी पोचवायच्या, त्यावरची खूण तिच्यात होती. तिचं उत्तर आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, आढ्याला टांगलेल्या भाकरीच्या दुरडीत होतं.

मी पोरांच्या मागे चालत होते आणि एकेक खूण मनात तपासत होते. एकही चुकली नाही. खरं सांगायचं तर मला बरंही वाटत होतं आणि वाईटही. बरं का, ते उघड आहे. वाईट अशासाठी की मी साताऱ्याच्या घरात त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, खिडकीला जाळी बसवली होती, पायऱ्यांना कठडा केला होता. इतकं बिनचूक कसं, असंही वाटून गेलं. पोरांना आधीच फोडलं तर नसेल?

दुरडीत दोरीचं भेंडोळं आणि शेवटची चिठ्ठी होती. "हद्दीच्या दगडाला दोरी बांधा. तोंड देवळाच्या कळसाकडं करा. दोरी ताणा. तोफेचा गोळा टोकाला पडलाय."

पोरांनी दगडाला दोरी बांधली, कळसाकडे धरून आमच्या रानात ताणली, आणि टोकाला खणायला लागली. नांगरलेली भुसभुशीत माती, खड्डा भराभर खोल गेला. पेटी नाही. थोडं इकडे खणलं, थोडं तिकडे खणलं. नाही. दादा मोटारीच्या खोलीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. ते उठून आले. "इथंच हाय. खोल जावा." पोरं आणखी खोल गेली. खाली मुरुम लागला.

मग दादांनी पोराच्या हातातलं खोरं घेतलं आणि स्वतः खणायला लागले. टोपी काढली. थोड्या वेळाने खोरं टाकून हातांनीच माती उकरायला लागले. "काल दुपारी पुरलीया मी," ते म्हणाले. "ह्याच दोरीनं मापून पुरलीया." पुन्हा एकदा तेच म्हणाले, पण या वेळी आवाज बारीक झाला होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. चुलत्यांची धाकटी नात रडवेली झाली.

मला धावत जाऊन त्यांचे हात धरावेसे वाटले. पण मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले आणि कोर्टातल्यासारखं बोलले. "दादा, राहू द्या. काल पुरली असेल, कुठे ते आठवत नसेल. ठरलं होतं ना आपलं? उद्या निघायचं."

दादा खड्ड्याच्या काठावर बसले. "व्हय," म्हणाले. "ठरलं हुतं." माती लागलेले हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले होते. दोरी त्यांच्या पायाशी पडली होती.

"आगं ये, थांब."

आवाज बांधापलीकडून आला. चुलते उसातून बाहेर आले, हातात तोच विळा. आमच्या घराच्या दिशेने त्यांनी बोललेला शब्द मी कळत्या वयात पहिल्यांदाच ऐकला. ते बांधावर आले पण बांध ओलांडला नाही.

"त्येची चूक न्हाई," ते मला म्हणाले. "दगड हाललाय."

"कुणी हलवला?"

"मी. काल दिवेलागणीच्या आधी. पहारीनं."

चुलत्यांनी नातींकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि एकदाचं सगळं सांगून टाकलं. आठवडाभर दादा होकायंत्र आणि दोरी घेऊन हद्दीच्या दगडाभोवती फिरताना त्यांना दिसत होते. वर मी न कळवता आलेली, कोर्टातली. त्यांनी सरळ धरलं की सुभेदार आता मोजणी आणणार. मोजणीदार आला की दगड कुठे आहे आणि कुठे पाहिजे हे गावासमोर उघडं पडणार. म्हणून त्याच्या आधी त्यांनी दगड उपटला आणि नेऊन मूळ जागी रोवला.

"मूळ जागी म्हणजे?" मी विचारलं. सवय जात नाही.

"म्हंजी माझ्याकडं. हुता तुमच्यात, नेला माघारी."

म्हणजे इतकी वर्षं जे दादा म्हणत होते ते खरं होतं, आणि ज्याने केलं तोच दोन्ही घरांच्या पोरांसमोर उभा राहून ते सांगत होता. पोरांना मात्र भाऊबंदकीशी काही देणंघेणं नव्हतं. "आजोबा, दगड आधी कुठं हुता?" चुलत्यांच्या मोठ्या नातीने विचारलं. त्यांनी विळ्याने जागा दाखवली. माणूस आडवा झोपेल एवढा फरक होता. पोरांनी तिथून दोरी ताणली, टोकाला खणलं, आणि चौथ्या-पाचव्या घावाला खोरं पत्र्यावर वाजलं.

पेटीत करंज्या होत्या, बत्ताशे होते आणि प्रत्येक पोरासाठी एकेक शिट्टी होती. गाव कान झाकून बसलं दिवसभर. दादांनी पेटीवरची माती हाताने पुसली. चुलत्यांकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "मोजणी आणायचीच राह्यली बघ तेवढी." चुलते म्हणाले, "आणा की. आता काय निघतंय?" हे त्यांचं इतक्या वर्षांतलं पहिलं संभाषण.

माझ्या डोक्यात मात्र चक्र फिरायला लागलं. जन्मभर कबूल न केलेली गोष्ट हा माणूस फुकट कशी कबूल करेल? त्याला काय मिळालं? आणि दुसरा संशय दादांवर. दगड माघारी जावा म्हणूनच तर ही होकायंत्राची हूल उठवली नसेल? फौजी डोकं आहे. पण खड्ड्याकाठी बसलेले दादा मला आठवत होते. तो चेहरा हूल उठवणाऱ्याचा नव्हता.

संध्याकाळी मी मागच्या परड्यात भांडी घासत होते. दोन्ही घरांची परडी लागून आहेत, मध्ये हातभर उंचीचं कुंपण. पलीकडे चुलते म्हशीला वैरण टाकत होते. मी विचारलंच.

"काका, तुम्ही गप्प बसला असता तर दादा माझ्याबरोबर आले असते. बांधाला विचारणारं कोणी राहिलं नसतं. मग बोललात कशाला?"

त्यांनी उरलेली वैरण टाकली. मग कुंपणाजवळ आले.

"बाय, तुला खरं सांगतो. त्यो इसरतोय. दगडाची चूक माझी, पर इसरतोय ते खरं हाय. पावसाळ्यात दोनदा ग्यास तसाच ठिऊन गेलाता रानात. वास आला, मी ह्या मागल्या दारानं येऊन बंद केला. एकदा दुपारी वाट चुकून शाळंम्होरं हुबा हुता. मी काय बोललो न्हाई, नुसता म्होरनं चालत आलो. माझ्या मागनं आला घरापत्तोर."

"मला कळवलं का नाही?"

"कळवलं तर तू नेशील."

"तुमचं काय बिघडलं असतं त्यात?"

चुलत्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "इतकी वरसं त्येच्यावर नजर ठिऊन काढली. कवा उठला, कवा रानात आला, बांधाकडं बघितलं का. सकाळ झाली की आदी तिकडंच बघतो. त्यो गेल्यावर मी कुणाकडं बघू?"

मी घमेल्यात हात तसेच ठेवून बसले. जिंकल्याचा आनंद दादांच्या चेहऱ्यावर दुपारपासून होता, आतून त्यांचा पोरांशी हसण्याचा आवाज येत होता. मला एकाच दिवशी दोन गोष्टी कळल्या होत्या. दादा पैज जिंकले होते, आणि माझी भीती खरी होती. आणि ज्याच्या हातचं पाणी घेऊ नको असं मला शिकवलं होतं तो माणूस माझ्यापेक्षा जास्त दिवस त्यांना सांभाळत होता. मला चुलत्यांचा राग आला, लाज वाटली, आणि त्यांचे पायही धरावेसे वाटले. मी काहीच केलं नाही. आत गेले, मागच्या दाराच्या कुलपाची जादा किल्ली आणली आणि कुंपणावरून त्यांच्या हातात दिली.

"आणि रोज फोन करायचा," मी म्हणाले. "काही लपवायचं नाही."

"लपवत न्हाई," ते म्हणाले, आणि किल्ली मुंडाशाच्या शेवात बांधली.

दादा गावीच राहिले. गॅसचं मी त्यांना बोलले नाही, फक्त आपोआप बंद होणारी शेगडी आणून दिली. चुलत्यांचा फोन रोज येतो. पहारेकऱ्याने द्यावी तशी तुटक खबर. "उठला. च्या झाला. बांधावर हाय." मी उलटसुलट प्रश्न विचारते. किती भाकरी खाल्ल्या, कुठलं कालवण होतं, तुम्ही स्वतः बघितलं की कोणी सांगितलं. तेही वैतागत नाहीत. मला वाटतं संशयी माणसाला दुसऱ्या संशयी माणसाची भाषा कळते. दोघं भाऊ एकमेकांशी अजून फारसं बोलत नाहीत. बांधावरून एकदोन वाक्यं, तीही टोमण्याची.

गेल्या आठवड्यात फोन नेहमीपेक्षा उशिरा आला. "उठला. च्या झाला," चुलते म्हणाले आणि थांबले.

"काय झालं? पडले का?"

"न्हाई गं. बांधावर आला हुता. माझ्याकडं बघून म्हणला, तात्या, औंदा ऊस बरा हाय की तुमचा."

तात्या म्हणजे चुलत्यांचे वडील. दादा पलटणीत भरती व्हायच्या आधी ते वारले, असं मी ऐकलंय. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? व्हय लेकरा, म्हणलं. बस जरा, म्हणलं. मग बसला माझ्याजवळ जेवणं हुईस्तवर."